चमचाभर पाऊस

गल्लीत कुणी "काल काय पाऊस झाला हो!" असं म्हटलं की टेलरमास्तर हातातली कात्री खाली ठेवत आणि विचारत, "किती?"

"खूप," समोरचा म्हणे.

"खूप हे माप नाही."

मग समोरचा गडबडून हात गुडघ्यापाशी नेई, मास्तरांच्या नजरेने घाबरून तो पोटरीपर्यंत खाली आणी, आणि मास्तर कीव आल्यासारखं बघून सांगत, "चौतीस पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर." एवढं बोलून ते पुन्हा कापडाकडे वळत. माणूस पावसाबद्दल चार शब्द बोलायला आलेला असे, तो विजारीचं कापड घेऊन तसाच उभा राही.

गल्लीने त्यांचं नाव मिलिमीटर ठेवलं होतं. तोंडावर मास्तर, पाठ फिरली की मिलिमीटर. मास्तरांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आतून आवडतही होतं. इंच काय, कुठल्याही टेलरकडे असतो.

हे सगळं सुरू झालं त्याला एकेचाळीस वर्षं झाली. नदीखोऱ्याच्या कार्यालयातले दोन साहेब त्या वेळी गावोगाव हिंडत होते. नदीच्या उगमापासून ती समुद्राला मिळते तिथपर्यंत त्यांना चौसष्ट ठिकाणी पर्जन्यमापक बसवायचे होते. अट अशी, की जागा मोकळी हवी, जवळ झाड नको, उंच भिंत नको, आणि रोज सकाळी साडेआठला हजर राहणारा माणूस हवा. नवीनच थाटलेल्या टेलरिंगच्या दुकानामागे त्यांना असं अंगण सापडलं. माणूसही सापडला. मास्तर तेव्हा चोवीस वर्षांचे होते आणि गिऱ्हाईक नसल्यामुळे दिवसभर हजर असत.

साहेबांनी दहा मिनिटांत सगळं समजावलं. वर नरसाळं, आत बाटली. बाटलीतलं पाणी रेघारेघांच्या काचेच्या मापग्लासात ओतायचं, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, पाणी फेकून द्यायचं. पाऊस नसेल तर 'निरंक' लिहायचं. मापकाला कुलूप, किल्ली मास्तरांकडे. महिनाअखेर आकडे पोस्टाने पाठवायचे. या दहा मिनिटांना मास्तर पुढे जन्मभर 'माझं प्रशिक्षण' म्हणत आले. ते दोन्ही साहेब यथावकाश निवृत्त झाले. मास्तर मात्र हलले नाहीत.

त्यांच्या सकाळच्या क्रमावर घड्याळ लावावं. आठला आंघोळीला. सव्वाआठला भांग. आठ अठ्ठावीसला शिलाई मशीनमागच्या खिळ्यावरून किल्ली. रेडिओवर साडेआठचा ठोका पडला की कुलूप उघडायचं. ग्लास सपाट दगडावर ठेवून मास्तर उकिडवे बसत, डोळा पाण्याच्या पातळीत आणत, एक श्वास रोखून धरत आणि मग आकडा मोठ्याने म्हणत. भिंतीपलीकडचा इस्त्रीवाला त्याच आकड्यावर ठरवी, की आज कपडे दोरीवर वाळतील की नाहीत. वास्तविक आकडा कालच्या पावसाचा असे आणि कपडे आजचे. मास्तरांनी त्याला हे वीस वेळा सांगितलं. तो म्हणे, "असू दे हो, तेवढाच आधार."

स्वतःच्या लग्नालाही मास्तर साडेआठचं माप घेऊनच गेले. उशीर झाला म्हणून सासऱ्यांनी तोंड वाकडं केलं, ते त्यांच्या हयातीत सरळ झालं नाही. मुलगी झाली ती सकाळी आठ पंचवीसला. आतून निरोप आला तेव्हा मास्तर म्हणाले, "पाच मिनिटं." हे वाक्य काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, नंतर कधी विसरू दिलं नाही.

काकूंचं मशीन आतल्या खोलीत. बायकांचे कपडे त्या शिवत, मापंही त्याच घेत, आणि ती मापं त्यांच्या वेगळ्या वहीत लिहिली जात. त्या वहीचा नियम मात्र मास्तरांनी केला होता. दुकानात पाटीच लावली होती: 'बायकांच्या मापांची वही मालकसुद्धा उघडत नाहीत.' या पाटीमुळे निम्म्या गावच्या बायका इथे कपडे टाकत. मास्तरांनी ही पाटी इतकी पाळली, की एकदा वही खाली पडून उघडी राहिली तर त्यांनी डोळे मिटून पायाने ती बंद केली.

आणि रोज सकाळी काकू दहा सुयांत दोरे ओवून मास्तरांच्या टाचण्यांच्या गादीत खोचून ठेवत. मास्तरांच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. मास्तरांच्या मते हल्ली सुयांची भोकंच बारीक काढतात.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एक पत्र आलं.

'सदर केंद्राच्या नोंदींमध्ये एकोणीस वर्षांपूर्वीपासून विसंगती आढळून येते. प्रत्यक्ष पाहणीनंतर त्या कालावधीच्या नोंदी अभ्यासातून वगळण्याबाबत निर्णय घेण्यात येईल.'

मास्तरांनी पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा खिडकीशी जाऊन, हात लांब करून वाचलं. तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी त्यांनी इस्त्रीवाल्याच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

"विसंगती!" ते बायकोला म्हणाले. "माझ्या वहीत विसंगती! एक दिवस चुकवलाय मी? ताप असताना गेलो. पाय मुरगळला तेव्हा सरपटत गेलो."

"जेवून घ्या," काकू म्हणाल्या.

"एकोणीस वर्षं वगळणार म्हणजे काय करणार? खोऱ्याच्या नकाशावरून आपला ठिपका पुसणार! वर ठिपका, खाली ठिपका, आणि मध्ये आपण नाहीच. पाऊस आपल्या गावाला वळसा घालून गेला म्हणायचा का?"

काकू आत गेल्या आणि त्यांचं मशीन सुरू झालं.

पाहणीला आली ती एक मुलगी. मास्तरांनी चष्मेवाला, पोट सुटलेला साहेब गृहीत धरला होता, त्यासाठी चार दिवस भाषण पाठ केलं होतं. समोर पाठीला पिशवी लावलेली, पावसाळी बुटांतली, पंचविशी-सव्विशीची मुलगी बघून त्यांचं पहिलं वाक्यच वाया गेलं.

"काका, मला आधी तुम्ही माप कसं घेता ते बघायचंय," ती म्हणाली. सव्वाआठ वाजले होते. ती पहाटेची बस धरून आली होती, हे बघून मास्तरांना तिच्याबद्दल नाइलाजाने थोडा आदर वाटला.

साडेआठला माप झालं. बाटली कोरडी होती. मास्तरांनी तरी रिकाम्या ग्लासापुढे उकिडवं बसून, श्वास रोखून 'निरंक' असं वाचलं. भिंतीपलीकडून इस्त्रीवाल्याने "बरं झालं" म्हटलं.

मग मुलीने मापकाला धारेवर धरलं. नरसाळ्यात पाणी ओतून गळतंय का बघितलं. बाटली उलटी करून बघितली. ग्लासावरच्या रेघा आपल्याजवळच्या ग्लासाशी ताडून बघितल्या. टेप काढून भिंतीचं अंतर घेतलं. टेप जरा तिरका धरला म्हणून मास्तरांनी तो तिच्या हातून घेऊन सरळ धरला. काही म्हणजे काही सापडलं नाही.

"हे गवत?" तिने विचारलं. मापकाशेजारच्या फरशीच्या फटीत हिरव्यागार गवताचा एक झुपका होता.

"नियमाप्रमाणे मापकाजवळ काही उगवू द्यायचं नाही," मास्तर घाईने म्हणाले. "दर आठवड्याला उपटतो. पण भारी चिवट आहे मेलं. बाकी अंगण कोरडं ठणठणीत असलं तरी ह्याला कुठून पाणी मिळतं देव जाणे."

दुकानात येऊन मुलीने कापण्याच्या टेबलावर नकाशा पसरला. डोंगरातून निघून अंगठ्याएवढी जाड होत गेलेली नदी, आणि तिच्या दोन्ही काठांना ठिपके. मास्तरांनी आपला ठिपका लगेच ओळखला. बाकीचे निळे होते, त्यांचा पांढरा होता आणि त्यात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं. स्वतःच्या छातीवर कुणी खडूने फुली मारावी तसं त्यांना झालं.

"काका, आम्ही सगळ्या खोऱ्यातला चाळीस वर्षांचा पाऊस बघतोय," मुलगी म्हणाली. "वर्षभराचा एकूण पाऊस फारसा कमी झालेला नाही. पण पावसाचे दिवस कमी झालेत. भुरभुर नाहीशी होत चाललीय. आता पडतो तो दोन-चार दिवसांत धो धो पडतो आणि मग महिनाभर पत्ता नाही."

मास्तर क्षणभर अपमान विसरले. हे त्यांना कधीपासून जाणवत होतं, पण कुणी विचारलंच नव्हतं. "बरोबर," ते म्हणाले. "कापड तेवढंच आहे. पण पूर्वी बारीक टाका घालायचा, आता नुसता धावदोरा घालतोय. असा कपडा ओढला की उसवणार."

मुलीने हे वाक्य आपल्या वहीत लिहून घेतलं. मास्तरांनी ते बघितलं आणि खुर्चीत जरा ताठ बसले.

"आता तुमचं केंद्र," ती म्हणाली. "अर्ध्या मिलिमीटरच्या आतला पाऊस घ्या. असे दिवस पूर्वी सगळ्यांकडे वर्षाला चाळीसच्या आसपास असायचे. तुमच्याकडेही. हल्ली तुमच्या वरच्या केंद्रावर तेवीस, खालच्या केंद्रावर चोवीस. हळूहळू कमी होत आलेत. तुमच्याकडे नऊ. आणि हळूहळू नाही काका. एकोणीस वर्षांपूर्वी एका आठवड्यात भुरभुर थांबली ती थांबलीच."

"म्हणजे मी आळशी झालो म्हणता?"

"कार्यालयात तसं म्हणतात. थोडा पाऊस असला की काका उठत नाहीत, निरंक लिहून टाकतात. मी म्हटलं, आधी बघून तरी येते." ती थांबली. "त्या वर्षी काही झालं होतं का? मापक बदलला? जागा हलवली?"

मास्तरांना काही आठवेना. त्यांनी जुनी वही काढली, पानं उलटली आणि एका पानावर बोट थांबलं.

"हां! माझं हर्नियाचं ऑपरेशन. बारा दिवस इस्पितळात होतो." त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा आनंद पसरला. "तरीच! त्या बारा दिवसांचं माप हिने घेतलंय. विसंगती असली तर ती या बारा दिवसांत. मी तर तेव्हाच लिहून ठेवलंय, हे बघा."

पानावर काकूंच्या गोल अक्षरात बारा आकडे होते. त्यांच्याखाली लाल पेन्सिलीची नागमोडी रेघ होती आणि शेऱ्याच्या रकान्यात मास्तरांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'अंदाजे. अप्रशिक्षित व्यक्तीने घेतलेले. विश्वासार्ह नाही.'

आतल्या खोलीतलं मशीन बंद पडलं.

मुलीने बारा आकडे बघितले, लॅपटॉप उघडला, पुन्हा आकडे बघितले. "काका," ती म्हणाली, "दोन दशांश. चार दशांश. निरंक. तीन दशांश. हे बारा आकडे वरच्या आणि खालच्या केंद्रांशी तंतोतंत जुळतात. घोटाळा इथून पुढे आहे. तुम्ही परत आल्यावर."

मास्तरांनी वही आपल्याकडे ओढून ते बारा आकडे पुन्हा वाचले.

"माझी पाचची बस आहे," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "नकाशा या आठवड्यात जायचाय. कारण सापडलं नाही तर मला ही एकोणीस वर्षं वगळावी लागतील. मग केंद्रही बहुतेक बंद करतील. मला नाही आवडत, पण..."

मास्तर आपल्या हातांकडे बघत बसले. एकेचाळीस वर्षं. रोज साडेआठ. स्वतःच्या मुलीच्या जन्माला पाच मिनिटं थांबायला सांगितलं ते यासाठी. त्यांचे डोळे भरून आले आणि भरलेले दिसू नयेत म्हणून त्यांनी एक सुई उचलून उगाच उजेडात धरली.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. हातात बायकांच्या मापांची वही होती. तिच्याखाली आणखी चार तशाच वह्या. त्यांनी तो गठ्ठा नकाशावर, बरोबर पांढऱ्या ठिपक्यावर ठेवला.

"अगं, काय करतेस!" मास्तरांनी चटकन तोंड भिंतीकडे वळवलं. "बायकांची मापं आहेत त्यात!"

"शेवटची पानं बघा," काकू म्हणाल्या. "तिथे कुणाची छाती-कंबर नाही."

मास्तर भिंतीकडेच बघत राहिले. पाटी तिकडेच होती. शेवटी मुलीनेच वही उघडली. मागच्या पानांवर गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, 'पाऊस'. खाली तारखा. छातीचा रकाना रिकामा, कंबरेचा रिकामा, आणि उंचीच्या रकान्यात आकडे. दोन दशांश. निरंक. एक पूर्णांक एक. पानामागून पानं, वहीमागून वही.

"काकू, हे कधीचं?" मुलीचा आवाज चिरकला.

"हे इस्पितळातून आले तेव्हापासूनचं."

आता मास्तर वळले. पाटीबिटी विसरून त्यांनी वही हातात घेतली, लांब धरली, आणखी लांब धरली. "पण किल्ली तर माझ्याकडे..."

"खिळ्यावर असते. तुम्ही आठला आंघोळीला जाता. पंधरा मिनिटांच्या आत कधी बाहेर आलात? मी जायची, बाटली काढायची, मोजायची, पाणी परत बाटलीत ओतायची, कुलूप लावायची. साडेआठला तुम्ही यायचात."

"का?" मास्तरांनी विचारलं. ते रागाने विचारायचं होतं, पण तसं विचारलं गेलं नाही.

काकूंनी उत्तर मुलीकडे बघून दिलं. "बारा दिवस मी ग्लासापुढे हे बसतात तसंच बसले होते. श्वाससुद्धा धरला. इस्पितळात जाऊन रोज आकडा सांगत होते, तेव्हा छान छान म्हणाले. आणि घरी आल्यावर लाल रेघ. मग म्हटलं, बघू तरी, मी चुकते की हे चुकतात. महिनाभर बघितलं. मी चुकत नव्हते. यांचाच आकडा रोज जरा कमी यायचा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

मास्तरांनी या प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार केला आणि वहीचं पुढचं पान उलटलं.

"पुढे सवय झाली," काकू म्हणाल्या. "सकाळी तेवढा वेळ अंगणात शांत असायचं. आकडा बघितला की बरं वाटायचं. माझंही काही असावं की."

मुलगी मात्र वेगळ्याच विचारात होती. "काकू, काकांचा आकडा रोज कमी यायचा म्हणालात. तुम्ही कसं मोजता ते मला करून दाखवाल? आत्ता?"

सगळे अंगणात आले. मुलीने बाटलीत मोजून पाणी ओतलं. काकूंनी दोऱ्यांच्या डब्यातून एक मापग्लास काढला, तो बघून मास्तर ओरडले, "अगं, हा तर मी फेकला होता! कडेला टवका उडालाय म्हणून नवीन मागवला होता!"

"रेघा चांगल्या आहेत की. टवक्याने काय होतंय?"

काकूंनी पाणी ग्लासात ओतलं, वाकून आकडा वाचला. तो बरोबर आला. मग त्यांनी ते पाणी परत बाटलीत ओतलं. टवका उडालेल्या कडेवरून पाण्याची एक बारीक धार ग्लासाच्या अंगाने उतरली, काकूंच्या मनगटावरून कोपराला गेली आणि तिथून टप टप फरशीच्या फटीत पडली. बरोबर त्या गवतावर.

तिघांनी गवताकडे बघितलं.

मुलीने बाटलीतलं उरलेलं पाणी पुन्हा मोजलं. "पाव मिलिमीटर गेलं," ती म्हणाली. "चहाचा एक चमचा. मोठ्या पावसात चमचाभर पाणी गेलं तर कुणाला कळत नाही. पण अख्खा पाऊसच चमचाभर असला तर..."

"तर माझी वही निरंक," मास्तर म्हणाले. आणि मग एकदम त्यांना आवाज फुटला. "एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं माझा पाऊस सांडत होतीस!"

"आणि एकोणीस वर्षं लिहूनही ठेवत होते," काकू तितक्याच जोरात म्हणाल्या. "तुम्ही गवत उपटत होतात!"

भिंतीपलीकडून इस्त्रीवाल्याचं डोकं वर आलं. "मास्तर, मग इतकी वर्षं माझे कपडे..."

"तू खाली हो!" दोघं एका सुरात म्हणाले.

दुपारभर मुलगी दोन वह्या शेजारी ठेवून आकडे भरत होती. काकूंच्या वहीत भुरभुरीचे दिवस चाळीसवरून हळूहळू उतरत तेवीसवर आले होते, वरच्या आणि खालच्या केंद्रासारखेच. म्हणजे भुरभुर खरंच नाहीशी होत चालली होती. फक्त मास्तरांकडून ती जरा लवकर गेली होती. मुलगी हसून म्हणाली, "निम्मा दोष आभाळाचा, निम्मा काकूंचा." मध्येच तिने मान वर केली. "काही दिवसांपुढे आकडा नाही. 'पडतोय' एवढंच लिहिलंय."

"मी मोजायची आठला," काकू म्हणाल्या. "तेव्हा पडत असला तर माझा आकडा अपुरा व्हायचा ना. अपुरं कशाला लिहू?"

"मग त्या दिवशी काकांचा आकडा घ्यायचा आणि त्यात एक चमचा मिळवायचा," मुलगी म्हणाली. "दोन्ही वह्या लागतील. एकट्या कुणाचीच पुरत नाही."

चार वाजता तिने प्रश्नचिन्ह खोडरबराने पुसलं आणि पांढरा ठिपका निळ्या पेन्सिलीने भरला. मास्तरांनी तो जवळ वाकून, मग लांब जाऊन बघितला. कडेला थोडं पांढरं राहिलं होतं, तेही त्यांनी भरायला लावलं.

"आता एकच," मुलगी म्हणाली. "ही दुसरी वही विश्वासार्ह आहे असं केंद्राच्या निरीक्षकाने लिहून द्यावं लागतं. म्हणजे तुम्ही."

तिने कागद पुढे केला. मास्तरांनी पेन घेतलं. पण कागदावर लिहायच्या आधी त्यांनी आपली जुनी वही ओढली, लाल रेघेचं पान काढलं आणि बघत बसले. रेघ फार ठासून मारली होती. पानाच्या मागूनही बोटाला लागत होती. आपण हे लिहिलं त्या दिवशी हिने आपल्याला मऊ भात भरवला होता, हे त्यांना आठवलं, आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की कान गरम झाले.

त्यांनी शेरा खोडला. त्याच्यावर लिहिलं, 'तपासले. बरोबर.' खाली सही केली. मग कार्यालयाच्या कागदावरही तेच लिहिलं.

"तारीख राहिली," काकू खांद्यावरून बघत म्हणाल्या.

मुलगी पाचच्या बसने गेली. जाताना मास्तरांनी तिच्या पिशवीचा उसवलेला पट्टा शिवून दिला, बारीक टाक्याने.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता जरा भुरभुरलं. पत्र्यावर आवाजसुद्धा झाला नाही. मास्तर आठला आंघोळीला गेले आणि आठ दहालाच बाहेर आले. आठ अठ्ठावीसला त्यांनी खिळ्यावरची किल्ली घेतली आणि सुयांत दोरे ओवत बसलेल्या काकूंच्या पुढ्यात धरली.

"मला दिसत नाही नीट," ते म्हणाले. चाळीस वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं. "तू वाच. मी लिहितो."

रेडिओवर साडेआठचा ठोका पडला. काकूंनी कुलूप उघडलं, पाणी नव्या ग्लासात ओतलं आणि त्या उकिडव्या बसल्या. मास्तर वही उघडून शेजारी उभे राहिले. पाणी चमचाभरही नव्हतं.

"दोन दशांश," काकू म्हणाल्या.

"नक्की ना?" मास्तरांच्या तोंडून गेलं आणि त्यांनी जीभ चावली.

काकूंनी मान वर करून फक्त बघितलं.

"दोन दशांश," मास्तर मोठ्याने म्हणाले, भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं, आणि त्यांनी ते वहीत लिहिलं. एकोणीस वर्षांत एवढासा पाऊस या वहीपर्यंत पोचलाच नव्हता. मग सवयीने त्यांचं पेन शेऱ्याच्या रकान्याकडे गेलं, तिथे जरा थांबलं, आणि मास्तरांनी टोपण लावून ते खिशाला अडकवलं.